उष्ण झऱ्यापासून उकिरड्यापर्यंत

उष्णता ही जीवसृष्टीची वैरीण आहे, हा समज रोजच्या व्यवहाराने पक्का केलेला आहे. दूध नासू नये म्हणून ते तापवले जाते, पावसाळ्यात पाणी उकळून प्यायले जाते, दवाखान्यातील शस्त्रे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केली जातात आणि या सर्व कृतींमागे ठरावीक तापमानापलीकडे सूक्ष्मजीव जगत नाहीत, हे एकच गृहीत असते. बहुसंख्य सूक्ष्मजीवांबाबत ते खरेही आहे. सर्वांबाबत मात्र नाही. ज्यांची वाढ साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात उत्तम होते त्यांना मध्यतापी, ४५ ते ८० अंशांच्या दरम्यान ज्यांची भरभराट होते त्यांना उष्णताप्रेमी आणि ८० अंशांच्याही वर ज्यांची वाढ सर्वांत जोमाने होते त्यांना अतिउष्णताप्रेमी असे म्हणता येते. शेवटच्या दोन गटांतील जीव उष्णता नुसती सोसत नाहीत, त्यांना ती लागते. माणसाच्या शरीराला मानवणाऱ्या ३७ अंशांवर त्यांपैकी कित्येकांची वाढ मंदावते किंवा थांबते.

अशा जीवांचा विषय निघाला की अमेरिकेतील यलोस्टोनची उकळती कुंडे, समुद्रतळावरील ज्वालामुखीय भेगा किंवा फार तर आपल्याकडील वज्रेश्वरी आणि उन्हवरे ही ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव या यादीत कोणी घालणार नाही, कारण महाराष्ट्रातील प्रसिद्ध उष्ण झऱ्यांत या जिल्ह्याचे नाव येत नाही. तरीही कपाशी, मका, सोयाबीन आणि मिरची पिकवणाऱ्या या पट्ट्यात गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेला काडीकचरा, मक्याची धाटे आणि सोयाबीनचा भुसा एकत्र येऊन जो उकिरडा तयार होतो, त्याच्या पोटात हवा आणि ओल यांचा मेळ जमल्यास तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे कोकणातील अनेक प्रसिद्ध झऱ्यांच्या बरोबरीला येते. दोन्ही ठिकाणी राहणाऱ्या जीवांत नातेही आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की झऱ्यातील जीवांना उष्णता पृथ्वी पुरवते, तर उकिरड्यातील जीवसमूह ती स्वतःच निर्माण करतो.

झऱ्यांची उष्णता कोठून येते

महाराष्ट्रातील उष्ण झऱ्यांचा मुख्य पट्टा पश्चिम किनाऱ्याला समांतर असून तो पालघर जिल्ह्यातील सातिवलीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. तानसा नदीच्या खोऱ्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, पालीजवळील उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी ही त्यातील परिचित स्थाने होत. या पट्ट्यातील पाण्याचे तापमान साधारण ३४ अंशांपासून ७१ अंशांपर्यंत आढळते. दुसरा गट तापी खोऱ्याच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि सुनपदेव हे झरे त्यात मोडतात. मराठवाड्यापुरते पाहिले तर नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील, पैनगंगेच्या परिसरातील उनकेश्वर हे सर्वांत प्रसिद्ध स्थान आहे.

या झऱ्यांखाली जागता ज्वालामुखी नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने दख्खनचे पठार घडवले, तो केव्हाच थंड झालेला आहे. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांमधून खाली मुरते, पृथ्वीच्या पोटात खोलीनुसार वाढत जाणाऱ्या तापमानाने तापते आणि भूस्तरातील प्रस्तरभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषांच्या, वाटेने पुन्हा वर येते. या प्रवासात त्यात निरनिराळे क्षार विरघळतात आणि काही ठिकाणी गंधकाची संयुगेही मिसळतात. त्वचारोगांवर गुणकारी म्हणून या कुंडांची जी ख्याती झाली, तिचा संबंध या गंधकाशी जोडला जातो.

भाविकांच्या दृष्टीने पवित्र असलेली ही कुंडे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या दृष्टीने नैसर्गिक प्रयोगशाळा आहेत. उनकेश्वर येथील झऱ्याच्या जीवाणूंची विविधता पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी अभ्यासली आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी वापरलेली पद्धत मेटाजिनोमिक्स या नावाने ओळखली जाते. झऱ्यातील एकेक जीवाणू वेगळा काढून वाढवत बसण्याऐवजी तेथील नमुन्यात असलेला सर्व जीवांचा डीएनए एकत्रितपणे मिळवायचा, त्यातील अक्षरक्रम वाचायचा आणि त्यावरून तेथे कोण राहते व काय करू शकते याचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत आहे. उष्ण स्थानांसाठी ती विशेष उपयोगी ठरते, कारण तेथील बहुसंख्य जीव प्रयोगशाळेच्या काचपात्रात वाढण्यास तयारच होत नाहीत.

तापाला पुरून उरणारी घडण

अंडे उकडले की त्यातील पातळ बलक घट्ट होतो आणि कितीही थंड केला तरी पूर्वस्थितीला येत नाही. कारण उष्णतेने प्रथिनांच्या रेणूंच्या ठरावीक घड्या उलगडतात आणि उलगडलेले रेणू एकमेकांत गुंततात. सजीवाच्या पेशीतील प्रत्येक रासायनिक क्रिया विकरांवर, म्हणजे एन्झाइम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असल्यामुळे ही घडी मोडणे म्हणजे मृत्यू. उष्णताप्रेमी जीवांची प्रथिनेही त्याच वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात; पण त्यांच्या साखळीत विरुद्ध विद्युतभार असलेले घटक एकमेकांना अधिक ठिकाणी धरून ठेवतात, पाण्यापासून दूर राहणारे घटक गाभ्यात अधिक दाटीने बसतात आणि सैल वळणे कमी असतात. शिवाय बिघडू लागलेल्या प्रथिनांना पुन्हा घडी घालून देणारी मदतनीस प्रथिनेही या पेशींत असतात.

पेशीच्या आवरणाचा प्रश्नही तेवढाच बिकट असतो. ते मेदद्रव्यांचे बनलेले असते आणि तापमान वाढले की पातळ होऊन गळू लागते. उष्णताप्रेमी जीवाणू त्यात अधिक घट्ट राहणारी, संपृक्त मेदाम्ले वापरून त्यावर उपाय करतात. आर्किया हा जीवांचा वेगळा गट, ज्याची स्वतंत्र ओळख कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली पटवून दिली, या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. त्यांतील अनेक अतिउष्णताप्रेमींच्या आवरणात मेदाचे दोन थर नसून आरपार जोडलेला एकच थर असतो आणि त्यामुळे तो सहजासहजी सुटा होत नाही. या घडणीची आजवर नोंदलेली परिसीमा हिंदी महासागराच्या तळावरील एका उष्ण विवरातून मिळाली. तेथून वेगळा केलेला ‘मिथॅनोपायरस कँडलेरी’ या आर्कियाचा एक वाण प्रचंड दाबाखाली १२२ अंशांवरही वाढतो, असे जपानी संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. शस्त्रे निर्जंतुक करण्याचे नेहमीचे तापमान १२१ अंश आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

उकिरडा: जीवांनी पेटवलेली भट्टी

उकिरड्यात घडणारी घटना समजून घेण्यासाठी श्वसनाचा हिशेब पाहावा लागतो. सूक्ष्मजीव शेणातील व काडीकचऱ्यातील कर्बयुक्त पदार्थांचे प्राणवायूच्या साहाय्याने विघटन करतात, तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेचा काही भाग ते स्वतःच्या वाढीसाठी वापरतात आणि बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. शेतात पसरलेल्या पातळ थरात ही उष्णता वाऱ्यावर विरून जाते. ढीग मात्र मोठा असेल तर बाहेरचा थर पांघरुणाचे काम करतो, कारण उष्णता ढिगाच्या घनफळात निर्माण होते आणि पृष्ठभागातून निसटते. घनफळ वाढत जाते त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही. म्हणूनच साधारण एक घनमीटरपेक्षा लहान ढीग नीट तापत नाही.

ताज्या ढिगात आधी मध्यतापी जीव कामाला लागतात आणि साखर, पिष्ट व साधी प्रथिने यांवर भराभर वाढतात. एक-दोन दिवसांत त्यांनीच निर्माण केलेली उष्णता ४५ अंशांच्या पुढे जाते, त्यांना ती असह्य होते आणि त्यांची जागा उष्णताप्रेमी घेतात. आपल्याच यशामुळे एक पिढी बाद व्हावी आणि दुसरीला वाट मिळावी, असा हा क्रम आहे. ५० ते ६० अंशांच्या टप्प्यात ‘जिओबॅसिलस’ आणि त्याचे नातलग, ‘थर्मोबिफिडा’सारखे अॅक्टिनोमायसिट, म्हणजे बुरशीसारखे तंतू काढणारे जीवाणू, आणि ‘थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस’सारख्या उष्णताप्रेमी बुरशी काम करतात. ढीग फोडल्यावर आतील थरांवर राखेसारखी जी पांढुरकी पूड दिसते, ती बहुधा अॅक्टिनोमायसिटांची वाढ असते. काडातील सेल्युलोज हा चिवट तंतू तोडण्याचे काम या टप्प्यातील काही जीव करतात. बुरशींची धाव साधारण ६० अंशांपर्यंतच असते. त्यापुढे जीवाणूंचे राज्य सुरू होते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९६ साली ६० ते ८० अंशांपर्यंत तापलेल्या कंपोस्टमधून ‘थर्मस’ या प्रजातीचे जीवाणू वेगळे केले. तोवर ही प्रजाती मुख्यतः उष्ण झऱ्यांची रहिवासी म्हणून माहीत होती. झरा आणि उकिरडा यांचे नाते याहून स्पष्टपणे सांगणारा पुरावा शोधावा लागणार नाही.

उष्ण झरा आसपास नसलेल्या गावातील ढिगात हे जीव येतात कोठून, हा प्रश्न उरतो. जिओबॅसिलस हा उष्णताप्रेमी असूनही थंड प्रदेशांतील मातीतसुद्धा सर्वत्र सापडतो आणि या विसंगतीने संशोधकांना बराच काळ कोड्यात टाकले. त्याचे उत्तर त्याच्या अंतर्बीजाणूत आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जीवाणू स्वतःच्या आत एक जाड कवचाचा, जवळजवळ पाणी नसलेला बीजाणू तयार करतो. त्या अवस्थेत तो दीर्घकाळ निद्रिस्त राहतो आणि धुळीबरोबर वाऱ्याने दूरवर पसरतो. ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’चे बीजाणू इतके चिवट असतात की वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्राने आपले काम नीट केले की नाही, हे पाहण्यासाठी त्यांचीच पट्टी यंत्रात ठेवली जाते. ते मेले तर बाकीचे मेलेच, असा त्यामागचा तर्क आहे. म्हणजे काळ्या मातीतही हे जीव ढीग तापण्याची वाट पाहत आधीपासूनच हजर असतात. ते विकत आणावे लागत नाहीत.

इंदूर आणि पुसद

या उष्णतेला शिस्त लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न मराठी मुलखाच्या शेजारीच झाला. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी रीत बसवली, ती १९३१ साली दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून जगापुढे आली आणि इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर, पुरेशी ओल आणि ठरावीक अंतराने ढिगाची उलथापालथ, ही तिची अंगे होत. हॉवर्ड यांच्या नोंदीनुसार आरंभी सुमारे ६५ अंशांवर गेलेले तापमान हळूहळू उतरत नव्वद दिवसांच्या शेवटी ३० अंशांवर येत असे. सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली मांडलेल्या बंगलोर पद्धतीत उलथापालथ टाळून ढीग लिंपून टाकला जातो. त्यात मजुरी वाचते, पण हवा कमी मिळाल्यामुळे कुजण्याचा वेग मंदावतो.

महाराष्ट्राची स्वतःची देणगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत, जी त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून सर्वदूर झाली. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधताना भिंतींत जागोजागी झरोके ठेवले जातात, जेणेकरून ढीग न उलटताही आत हवा खेळती राहते. त्यात काडीकचरा, शेणकाल्याचे पाणी आणि कोरडी माती यांचे थर भरून वरून लिंपण केले जाते. या रीतीत शेण अतिशय थोडे लागते. सुमारे १४०० किलो काडीकचऱ्यास १०० किलोच्या आसपास शेण पुरते. मातीचे थर नत्र धरून ठेवतात, कारण तापलेल्या ढिगातून नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाण्याचा धोका असतो. ढिगाजवळ नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, तर पिकाच्या वाट्याचे खत हवेत चालले आहे, असे समजावे.

या साऱ्या पद्धतींच्या मुळाशी जीवांच्या गरजाच आहेत. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० भाग कर्बास १ भाग नत्र असे असावे. शेणात ते याच्या जवळपास असते, तर गव्हाच्या काडात कर्ब कितीतरी जास्त असतो, म्हणून दोहोंचे मिश्रण साधावे लागते. ओल ५० ते ६० टक्के असावी. मूठभर माल दाबला असता ओलावा हाताला लागावा, पण पाणी गळू नये. ढीग कोरडा पडला तर जीव थांबतात, पाण्याने चिंब झाला तर हवा कोंडते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात उघड्या उकिरड्यात बहुधा पहिली गोष्ट घडते आणि पावसाळ्यात दुसरी.

बियाण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत

उष्णताप्रेमी जीवांचा एक वारसा जालना जिल्ह्यात वेगळ्याच वाटेने पोहोचलेला आहे. थॉमस ब्रॉक यांनी हडसन फ्रीझ या विद्यार्थ्यासह यलोस्टोनच्या कुंडातून मिळवलेल्या ‘थर्मस अॅक्वाटिकस’ या जीवाणूचे वर्णन १९६९ साली प्रसिद्ध केले. त्यातील डीएनएची प्रत बनवणारे विकर १९७६ साली वेगळे करण्यात आले. कॅरी मलिस यांनी १९८३ साली पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजे पीसीआर, ही डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करण्याची युक्ती काढली, तेव्हा एक अडचण होती. प्रत्येक फेरीत डीएनएचे दोन धागे सुटे करण्यासाठी मिश्रण ९५ अंशांच्या आसपास तापवावे लागे आणि त्यात नेहमीचे विकर नष्ट होई, म्हणून ते दर फेरीला नव्याने घालावे लागे. थर्मसचे विकर ही उष्णता सहज पचवत असल्यामुळे सारी क्रिया यंत्राच्या स्वाधीन करता आली. मलिस यांना १९९३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि करोनाच्या साथीत पीसीआर हा शब्द गावागावांत पोहोचला.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केल्यापासून या शहराची ओळख बियाण्यांशी जोडली गेली आणि २००२ साली देशात बीटी कपाशीच्या लागवडीला परवानगी मिळाल्यावर बियाण्याची डीएनएच्या पातळीवर तपासणी हा या उद्योगाचा भाग झाला. बियाण्यात अपेक्षित जनुक आहे का, संकर शुद्ध आहे का, हे पीसीआरने पाहिले जाते, तेव्हा काम करणारे विकर मुळात उष्ण झऱ्यातील जीवाणूचे असते. भोकरदनच्या शेतात पिकतो तशा मक्यापासून कारखान्यात पिष्ट आणि त्यापासून ग्लुकोज बनवतानाही १०० अंशांच्या आसपास टिकणारी विकरे वापरली जातात.

उष्णतेचा उपयोग आणि तिची मर्यादा

शेतकऱ्याच्या दृष्टीने ढिगाच्या उष्णतेचे सर्वांत मोठे मोल शुद्धीकरणात आहे. ढीग सर्व बाजूंनी ५५ अंशांवर सलग किमान ३ दिवस राहिला, तर बहुतेक रोगजंतू, कृमींची अंडी आणि बऱ्याच तणांचे बी मरते. उघड्या ढिगात बाहेरचा थर थंड राहत असल्यामुळे तो उलटून आत घालावा लागतो आणि हा काळ सुमारे १५ दिवसांपर्यंत वाढवावा लागतो. ‘चांगले कुजलेले शेणखत’ वापरण्याची शिफारस प्रत्येक पिकाच्या माहितीपत्रकात असते, तिचा अर्थ हाच आहे. कच्चे शेणखत शेतात गेले की त्याबरोबर तणांचे बी आणि हुमणीसारखी कीडही जाते आणि खुरपणीचा खर्च वाढतो. तरीही वर्षभर साठवलेला, कधी न उलटलेला उकिरडा उन्हाळ्याच्या अखेरीस उचलून थेट रानात नेण्याची रीत अनेक गावांत टिकून आहे.

उलट, ही उष्णता कोणत्या वेळी नको, हेही कळणे तितकेच आवश्यक आहे. ट्रायकोडर्मा ही पिकाच्या मुळांवरील रोगांना आवर घालणारी उपयुक्त बुरशी मध्यतापी असल्यामुळे तापलेल्या ढिगात मिसळली तर वाया जाते. गांडुळांना ३५ अंशांच्या वरचे तापमान सोसत नाही, म्हणून गांडूळखतासाठी शेण आधी कुजवून त्याचा ताप उतरू द्यावा लागतो. ढीग ७० अंशांच्या पुढे गेला तर उपयुक्त जीवांचीही संख्या घटते आणि कुजणे मंदावते. ओलसर चाऱ्याची गंजी लावली तर तेथेही हेच जीव आधी तापमान वाढवतात, त्यानंतर रासायनिक क्रिया सूत्रे हाती घेतात आणि प्रसंगी गंजी आपोआप पेटते. बुरसटलेला चारा किंवा उसाचा साठवलेला बगॅस हाताळताना उष्णताप्रेमी अॅक्टिनोमायसिटांचे बीजाणू छातीत गेल्यास फुप्फुसांचा दाह होतो, म्हणून असा माल हलवताना नाकातोंडाला फडके बांधणे शहाणपणाचे असते.

उष्ण झऱ्यांच्या संशोधनाला निधी आणि प्रसिद्धी मिळते, कारण तेथून नवे विकर, नवे औषध किंवा नवा उद्योग निघण्याची आशा असते, आणि ती रास्तही आहे. उकिरड्यातील त्याच कुळाच्या जीवांकडे मात्र घाण म्हणून पाहिले जाते. वास्तविक मराठवाड्यातील जमिनीत सेंद्रिय कर्बाची चणचण हा शेतीपुढचा मोठा प्रश्न असताना, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि मक्याची धाटे बांधावर जाळून टाकण्याऐवजी बारीक करून या जीवांच्या हवाली करणे हा हाताशी असलेला उपाय आहे. पऱ्हाटीतील लिग्निन हा लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ सावकाश कुजतो, त्यामुळे ती तुकडे न करता ढिगात टाकली तर वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि कुट्टीचे यंत्र हे येथे खताइतकेच महत्त्वाचे साधन ठरते. त्याच्या जोडीला लांब दांड्याचा एक तापमापक पुरेसा आहे. ढिगाच्या मध्यभागी तो खुपसून ५५ अंश दिसतात की नाही हे पाहणे, ताप उतरू लागला की ढीग उलटणे आणि पुन्हा न तापणारा ढीगच शेतात नेणे, एवढा नियम गावोगाव पाळला गेला, तर जगाच्या टोकाच्या विवरांत शोधले जाणारे जीव आपल्या बांधावर किती काम करतात, हे पुस्तकाबाहेर, पिकात दिसू लागेल.